परिसंस्थेच्या धड्यात गुण कुठे जातात? बाणापासून बरणीपर्यंत या चुका टाळा

परिसंस्थेची व्याख्या बहुतेकांना पाठ असते. गुण जातात ते आकृतीत, 'कारणे द्या'मध्ये आणि प्रकल्पात. तिथल्या बऱ्याच चुकांचं मूळ एकच आहे: ऊर्जा आणि द्रव्य यांचा हिशेब एकाच वहीत मांडला जातो. ऊर्जा सूर्याकडून येते, एकाच दिशेने पुढे जाते आणि शेवटी उष्णता होऊन निघून जाते. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस, पाणी मात्र फिरत राहतात. म्हणून प्रश्न वाचला की आधी ठरवा, विचारलंय ते ऊर्जेबद्दल की द्रव्याबद्दल.

उलटा बाण

'वाघ → चितळ → गवत' असं लिहिलं जातं, कारण डोक्यात 'कोण कोणाला खातो' हे असतं. बाणाचं टोक खाणाऱ्याकडे हवं, कारण ऊर्जा तिकडे जाते: गवत → चितळ → वाघ. साखळी सूर्यापासून सुरू करू नका. सूर्य ऊर्जेचा स्रोत आहे, पोषण पातळी (साखळीतली पायरी) नाही. पहिली पातळी उत्पादकांची.

विघटकांना साखळीच्या शेपटाला जोडणं ही दुसरी चूक. पडलेलं पान, चितळाच्या लेंड्या, मेलेला वाघ, सगळ्यांतून त्यांच्याकडे बाण जातो. विघटकांकडून गवताकडे बाण दाखवायचा असेल तर तो तुटक रेषेने काढा, कारण तिथून जातात ती पोषकद्रव्यं, ऊर्जा नव्हे.

गिधाड आणि तरस यांना विघटक म्हणू नका, ते मृतभक्षक. वाळवी आणि गांडूळ पालापाचोळ्याचे बारीक तुकडे करतात. त्यातल्या द्रव्यांचं साध्या क्षारांत रूपांतर करण्याचं मुख्य काम बुरशी आणि जिवाणूंचं. गिधाडांवरून आठवलं: त्यांची संख्या घटण्याचं उदाहरण जैविक विशालनाखाली लिहिलं जातं, ते चुकीचं आहे. जैविक विशालन म्हणजे डीडीटीसारखं सहज विघटन न होणारं, पाण्यात न विरघळता चरबीत साठणारं रसायन पातळीगणिक वाढत जाणं. गिधाडं मेली ती जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचं मांस खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात. ही सरळ विषबाधा झाली. जनावरांसाठी या औषधावर भारतात २००६ मध्ये बंदी आली.

दहा टक्के, पण कशाचे?

१९४२ मध्ये परिसंस्थांचे अभ्यासक लिंडेमन यांनी मांडलेला नियम असा: एका पातळीतल्या ऊर्जेचा साधारण १० टक्के भाग पुढच्या पातळीत साठतो. गवतात १०,००० किलोज्यूल असेल तर चितळात १,००० आणि वाघात १००. हा नियम सूर्य ते गवत या टप्प्याला लावू नका. वनस्पती पोहोचलेल्या सूर्यप्रकाशापैकी साधारण १ टक्काच अन्नात साठवतात. शिवाय १० हा अंदाज आहे, प्रत्यक्षात आकडा कमीजास्त असतो.

'उरलेली ९० टक्के ऊर्जा वाया जाते' हे वाक्य अर्धवट आहे. बराचसा भाग श्वसनात वापरला जाऊन उष्णता होतो, काही भाग खाल्लाच जात नाही, काही न पचता विष्ठेतून विघटकांकडे जातो. तिन्ही वाटा लिहा.

पोषण पातळ्या एकावर एक रचून काढलेला मनोरा उलटा असू शकतो का? संख्येचा असतो: पळसाचं एक झाड आणि त्यावर शेकडो किडे. जैववस्तुमानाचाही काही जलाशयांत असतो, कारण वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म उत्पादक) भराभर वाढतात आणि तितक्याच भराभर खाल्ले जातात. एका क्षणी मोजलं तर त्यांचं वजन कमी भरतं. ऊर्जेचा मनोरा मात्र कधीच उलटा नसतो.

पानगळ थंडीमुळे नाही

समशीतोष्ण पानझडी वनांचं कारण विदर्भातल्या वनांना चिकटवलं जातं. नागपूर परिसरात वर्षाला साधारण १००० ते १२०० मिमी पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पुढचे महिने कोरडेच. पानांतून होणारं बाष्पोत्सर्जन थांबवून पाणी वाचवायचं म्हणून साग आणि तेंदू पानं गाळतात. उत्तरात 'कोरडा ऋतू' हे शब्द यायलाच हवेत.

त्याला जोडूनच दुसरी चूक: 'उष्णता जास्त, म्हणून मे महिन्यात विघटन सर्वांत वेगाने.' मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पण पाचोळा कुजत नाही, नुसता वाळून कुरकुरीत होतो. बुरशी आणि जिवाणूंना ओल लागते. तोच पाचोळा जुलैत झपाट्याने कुजतो. आणि तो जाळला तर? राखेत काही खनिजं उरतात, पण नायट्रोजनचा मोठा भाग वायुरूपात निघून जातो. 'जाळल्याने जमीन सुपीक होते' असं सरसकट लिहू नका.

संत्र्याची बागही परिसंस्थाच

'शेत मानवनिर्मित, म्हणून परिसंस्था नाही' हे चूक. काटोल-नरखेडची संत्राबाग घ्या. उदाहरण म्हणून ती जंगलापेक्षाही सोयीची, कारण दोन्ही वह्या इथे उघड दिसतात. ऊर्जा सूर्याकडून येते. त्याशिवाय पंपाची वीज, ट्रॅक्टरचं डिझेल आणि खत तयार करताना लागलेली ऊर्जा माणूस बाहेरून आणतो. द्रव्याचं चक्र मात्र तुटतं. फळांबरोबर नायट्रोजन आणि पोटॅश ट्रकमध्ये बसून बाहेर जातात, मातीत परत येत नाहीत. म्हणून शेणखत द्यावं लागतं. जंगलाला कोणी खत देत नाही, कारण तिथलं पान तिथेच कुजतं.

बागेतला कोळशी रोग अन्नजाळ्यासाठी उत्तम, पण तो हमखास चुकीचा लिहिला जातो. काळी बुरशी पानाचा रस शोषत नाही. काळ्या माशीची पिल्लं रस शोषतात आणि चिकट, गोड स्राव सोडतात. बुरशी त्या स्रावावर वाढते. पानावर काळा थर बसला की प्रकाश अडतो आणि प्रकाशसंश्लेषण घटतं. मांडणी अशी: पान → काळी माशी → क्रायसोपा किंवा ढालकिडा (दोघेही माशी खाणारे कीटक). काळ्या माशीपासून एक वेगळा बाण बुरशीकडे. सरसकट कीटकनाशक मारलं तर ढालकिडेही मरतात आणि माशी पुन्हा वाढते. हे कारणासकट लिहिलं तर तपासणाऱ्याला वेगळं काही विचारायला जागा उरत नाही.

'हिरवं म्हणजे चांगलं' हा तलावातला गैरसमज

नागपूरच्या अंबाझरी तलावात जलपर्णी पसरल्याच्या बातम्या येतात. 'वनस्पती ऑक्सिजन देते, म्हणून तलावाला फायदा' असं उत्तर लिहिलं की गुण गेले. पानं पाण्याच्या वर असल्याने ऑक्सिजन मुख्यतः हवेत जातो. पाण्यात प्रकाश शिरत नाही, म्हणून खालचे प्लवक आणि पाणवनस्पती थांबतात. मेलेली जलपर्णी कुजवताना जिवाणू पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. शैवालाने हिरव्या झालेल्या पाण्यात मासे बहुधा पहाटे मरतात, त्याचं कारणही हेच: रात्रभर श्वसन चालू, प्रकाशसंश्लेषण बंद. म्हणून विरघळलेला ऑक्सिजन फक्त दुपारी मोजणं ही प्रकल्पातली चूक ठरते. सूर्योदयापूर्वी आणि दुपारी, असे दोन नमुने मोठ्यांना सोबत घेऊन काढा.

मुळात जलपर्णी माजते ती सांडपाण्यातल्या नायट्रेट आणि फॉस्फेटवर. ती काढून काठावर टाकली आणि तिथे कुजली तर तेच क्षार पावसाच्या पाण्याबरोबर परत तलावात.

'वाघ नाहीसे झाले तर?'

'परिसंस्था नष्ट होईल' या उत्तराला जेमतेम एखादा गुण. टप्प्याने लिहा. चितळ आणि सांबर वाढू लागतील, मात्र पेंचसारख्या जंगलात बिबटे आणि रानकुत्रीही असल्याने लगेच बेसुमार नाही. पुढे चराईचा ताण येईल, रोपं वाढण्याआधीच खाल्ली जातील, उघडी माती पावसात वाहून जाईल. मग चारा कमी पडेल, कळप शेतात उतरतील, उपासमार आणि रोगाने संख्या पुन्हा घसरेल.

बरणीतली परिसंस्था बिघडते तेव्हा

दोन लिटरची पारदर्शक बरणी घ्या. तळाला २ सेंमी खडी, त्यावर कोळशाच्या तुकड्यांचा पातळ थर, वर ५ ते ६ सेंमी माती. आपली काळी माती तशीच भरू नका. ओली झाली की ती फुगते, चिकटते आणि मुळांना हवा मिळत नाही. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं खत, असं मिश्रण करा. नेचा आणि शेवाळ लावा. कोरफड बंद बरणीत सडते. पाणी अर्धा कप पुरे.

सकाळी काचेवर वाफ दिसून दुपारपर्यंत ती विरली तर पाणी बरोबर आहे. दिवसभर थेंब ओघळत असतील तर झाकण एक-दोन दिवस उघडं ठेवा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तळाला पाणी साचून ऑक्सिजन संपलाय. सडलेला भाग काढा, माती सुकू द्या. पांढरी बुरशी दिसली म्हणून बरणी फेकू नका. विघटक कामाला लागले आहेत, तारीख टाकून नोंद करा.

बरणी थेट उन्हात ठेवली की आतली झाडं शिजतात. भरपूर उजेड पण ऊन नाही अशी जागा शोधा आणि प्रयोग पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात करा, एप्रिल-मेमध्ये नको. तलावाची बरणी करत असाल तर नळाचं पाणी २४ तास उघडं ठेवून वापरा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. मासा टाकू नका, एवढ्याशा पाण्यात तो तगत नाही. एक पाणगोगलगाय पुरते. आणि जलपर्णी वापरली असेल तर प्रदर्शन संपल्यावर ती नाल्यात सोडू नका, पूर्ण वाळवून मगच टाका.