सीएसआरमध्ये नोकरी घेताय? अहवाल शेवटाकडून वाचायला शिका

सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी सांभाळणाऱ्या विभागातलं माझं पहिलं वर्ष फोटो गोळा करण्यात गेलं. झाडं किती लावली, संगणक किती वाटले. अहवाल छापून आला तेव्हा अभिमानही वाटला. मग एका बैठकीत मी विचारलं, कारखान्याचं सांडपाणी यात कुठे आहे? उत्तर आलं, "तो आपला विषय नाही."

सगळी मेख या उत्तरात आहे. नफा कमावताना काय बिघडलं याचा हिशेब एका खात्यात, त्यातला थोडा पैसा वाटण्याचं काम दुसऱ्या खात्यात, आणि दोघांची गाठभेट नाही. अभ्यासक्रमात व्यवस्थापनाचे अभ्यासक आर्ची कॅरोल यांचा १९९१ चा सीएसआर पिरॅमिड भेटेलच: पाया आर्थिक जबाबदारीचा, वर कायदेशीर, मग नैतिक, आणि परोपकार अगदी टोकाला. नोकरीत मात्र त्या टोकालाच सीएसआर म्हणतात.

पुरस्कारांनी भुलू नका. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबाबत कंपन्या कशा वागतात हे जोखणाऱ्या यादीत, वाहन उद्योगात अव्वल ठरली. त्याच महिन्यात उघड झालं की तिच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करत होतं. जगभरात अशा गाड्या सुमारे १ कोटी १० लाख.

मग काहीच उपयोग होत नाही का? होतो, पण सही केलेला करार पाळणं बंधनकारक असलं तर. बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसं गेली. तिथून माल घेणाऱ्या अनेक ब्रँडांकडे छान छापलेल्या आचारसंहिता होत्या. त्यानंतर ब्रँड आणि कामगार संघटनांनी जो करार केला, त्यात स्वतंत्र तपासणी होती, तिचे अहवाल जाहीर होत, आणि शब्द मोडला तर लवादाकडे जाता येत होतं. पुढे दोन ब्रँडांविरुद्ध संघटना खरोखरच लवादाकडे गेल्या. ऐच्छिक सीएसआरला नेमका हाच दात नसतो.

म्हणून अहवाल शेवटाकडून वाचा. हसऱ्या मुलांची पानं सोडा, शेवटची बारीक अक्षरं बघा: कंत्राटदार आणि पुरवठादार हिशेबात धरलेत का? उत्सर्जन 'प्रति टन उत्पादन' घटलंय की एकूण? उत्पादन दुप्पट झालं तर पहिला आकडा घटूनही धूर वाढू शकतो. 'स्कोप ३', म्हणजे पुरवठादारांपासून ग्राहकाच्या वापरापर्यंतचं उत्सर्जन, बहुतेकदा सगळ्यात मोठं असतं आणि सगळ्यात धूसर लिहिलेलं.

मुलाखतीत मी आता एकच गोष्ट विचारते: खरेदी विभागाच्या बैठकीला मला बसता येईल का? पुरवठादाराला दर किती आणि मुदत किती हे तिथे ठरतं, आणि कामगाराचा ओव्हरटाइमही तिथेच ठरतो. पहिल्या दोन कंपन्यांनी हसून विषय बदलला. तिसरीने हो म्हटलं, पण बोलायचं नाही या अटीवर. मी रुजू झाले.