पातळ पत्र्यावर आर्गॉन: हात बसवायचा कसा

लातूरच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. डाळमिलचे हॉपर, तेलाच्या टाक्या, हॉटेलची किचन टेबलं, मिठाईचे ट्रे, असली कामं. पातळ पत्र्याला आम्ही आर्गॉन, म्हणजे टिग वेल्डिंग वापरतो: हातातल्या टॉर्चमध्ये टंगस्टनची काडी, तिच्या टोकापासून पत्र्यापर्यंत विजेची झळाळती ज्योत, म्हणजे आर्क, आणि हवा लागू नये म्हणून भोवती आर्गॉन गॅस. आयटीआय झालेली पोरं येतात. ६ मिमीच्या प्लेटवर रॉडचं साधं वेल्डिंग मारून हात तयार असतो, पण २२ गेजचा, म्हणजे साधारण ०.७ मिमीचा स्टेनलेस पत्रा पुढ्यात ठेवला की मिनिटाभरात हाक येते, "काका, छिद्र पडायलंय!" आणि हात लगेच मशीनच्या नॉबवर. अँपियर कमी.

अँपियर कमी केले की पत्रा वाचतो, हे अर्धंच खरं आहे. फारच कमी ठेवले तर पत्रा वितळून त्याचं पाणी व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ टॉर्च एकाच जागी राहते, उष्णता चहूकडे पसरते आणि पत्रा तळायला टाकलेल्या पापडासारखा वळतो. वळला की सांधा उघडतो, उघडला की कडा मागे सरकतात, आणि मग छिद्र. पातळ पत्र्याची बहुतेक छिद्रं आर्क लागायच्या आधीच ठरलेली असतात: बसवणी ढिली, कड मळकी, पत्रे जागेवर धरणारे वेल्डचे टाके लांब लांब. म्हणून सराव नॉबपासून नाही, कडेपासून सुरू करा.

सरावाला पत्रा कुठला घ्यायचा? लेझर कटिंगवाल्याकडे ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसच्या पट्ट्या किलोवर मिळतात, त्या सगळ्यात चांगल्या. १.२ मिमीपासून सुरुवात करा, मग ०.८, शेवटी ०.५. भंगारवाल्याकडची जुनी स्टीलची ताटं-वाट्यासुद्धा ०.५ च्या आसपास असतात. ग्रेड काय सांगता येत नाही, पण हात बसवायला चालतात. कोल्ड्रिंकचे डबे किंवा दाढीची पाती जोडून दाखवणारे व्हिडिओ पोरं मला दाखवतात. बघायला भारी आहेत, शिकायला नाहीत. डबा ॲल्युमिनियमचा, त्याला एसी लागतो, आणि आपल्याकडची बरीच मशिनं फक्त डीसीची. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तर सरावाला घेऊच नका. जस्ताचा पांढरा धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

कातरीने कापलेल्या कडेला बर, म्हणजे धारदार कुसळं असतात. ती कानशीने काढून टाका आणि दोन पट्ट्या एकमेकींना लावून उजेडाकडे धरा. फटीतून उजेड दिसला तर अजून घासा. पातळ पत्र्याला फट म्हणजे शून्य, "थोडी चालते" असं काही नाही. मग दोन्ही बाजूंनी स्वच्छ फडक्याने ॲसिटोन फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. ब्रेक धुण्याचा स्प्रे बिलकुल वापरू नका. क्लोरीनवाला असेल तर आर्कच्या किरणांनी त्यातून विषारी वायू तयार होतो. फिलरची, म्हणजे सांध्यात वितळवून भरायची काडीही पुसायची. उन्हाळ्यात आपल्या बोटांना घाम असतो, तो काडीवर लागतो आणि पुढच्या पाण्यात बुडबुडे येतात.

आता मशीन. टॉर्च निगेटिव्हला, अर्थिंग पॉझिटिव्हला. टंगस्टन १.६ मिमीचा चालतो, पण ०.५ च्या पत्र्याला १ मिमीचा असला तर आर्क पटकन आणि शांत लागते. मी ग्रे, म्हणजे सेरियमवाला वापरतो, कमी अँपियरला बरा सुरू होतो. लाल टंगस्टनमध्ये थोरियम असतं आणि ते किरणोत्सारी आहे, घासताना त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नका. टोक पेन्सिलीसारखं लांब काढा, जाडीच्या अडीच-तीन पट. चाकावर टंगस्टन उभा धरायचा, घासल्याच्या रेघा टोकाकडे गेल्या पाहिजेत. आडवा धरून घासला तर रेघा गोल पडतात आणि आर्क भरकटते. कमी अँपियरला हे फार जाणवतं.

अँपियरचा ठोकताळा मिलिमीटरला ४०. म्हणजे १.२ ला ४८, ०.८ ला ३२, ०.५ ला २०. स्टेनलेसला त्याहून थोडं खाली, बाहेरच्या कोपऱ्याला आणखी खाली. हा आकडा फक्त सुरुवातीचा. दिवसभरात तोच आकडा वेगळा वागतो, कारण आमच्या लाइनवर शेजारच्या मिलची मोटर चालू झाली की व्होल्टेज बसतं आणि आर्क लुकलुकते. नवशिक्या पोराला वाटतं आपलाच हात हलला. सराव करायचा तर मिल बंद असतानाची वेळ धरा.

गॅस मिनिटाला ६ ते ८ लिटर. जास्त सोडला म्हणजे जास्त संरक्षण, असं नसतं. जोरात सोडला की तो घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. ७ घनमीटरच्या भरलेल्या नळकांड्यात ७००० लिटर आर्गॉन. मिनिटाला ७ धरला तर १००० मिनिटं, म्हणजे सोळा तासांच्या वर आर्क. तेव्हा वेल्ड संपल्यावर गॅस वाचवायला टॉर्च झटकन उचलू नका. आर्क बंद झाल्यावरही गॅस चालू असेपर्यंत टॉर्च तिथंच थांबली पाहिजे, नाहीतर टोक आणि शेवटचा ठिपका दोन्ही काळे पडतात.

मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि शेडवर पत्र्याचं छप्पर. कूलर लावला की गॅस उडतो, बंद केला की माणूस शिजतो. मी कूलर पाठीमागे लांब ठेवतो, झोत पोटऱ्यांवर येईल असा, आणि टेबलाच्या तीन बाजूंना जाड कापड उभं करतो. सगळ्यात बरं म्हणजे पातळ काम सकाळी दहाच्या आत उरकणं. पाण्याने गार होणारी टॉर्च घ्यावी का, असंही पोरं विचारतात. लातूरकराला पाण्याचं काय सांगायचं, २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं आम्हाला! पातळ पत्र्याला तिची गरजच नाही. ५० अँपियरच्या आतलं काम आहे, हवेवर गार होणारी लहान टॉर्च हातात हलकीही बसते.

पहिला सराव फिलरशिवाय. पत्र्यावर नुसतं पाणी करून ओळ ओढायची, जोडायचं काहीच नाही. टंगस्टन पत्र्यापासून मिलिमीटरभर वर, टॉर्च किंचित मागे कललेली. मनगट टेबलावर टेकलेलं, करंगळी सरकणारी. आणि नजर टोकाच्या उजेडावर नाही, खालच्या पाण्यावर. आधी पत्रा चमकतो, मग मसुराएवढा ठिपका ओला होतो. तो जरा फुगीर दिसतोय तोवर सगळं ठीक. ठिपका पसरला आणि मधोमध खाली बसायला लागला की छिद्राला अर्धा-पाऊण सेकंद उरलेला असतो. त्या अर्ध्या सेकंदात दोनच गोष्टी करता येतात: पुढे सरका, नाहीतर बटण सोडा. टॉर्च वर उचलायची सवय लावू नका. आर्क लांब झाली की व्होल्टेज वाढतं, उष्णता पसरते आणि गॅसही सुटतो. पाणी बसण्याची ती खूण एकदा डोळ्यात भरली की निम्मं काम झालं. ही खूण बघण्यासाठी मी पोरांना मुद्दाम छिद्रं पाडायला लावतो.

ते जमल्यावर बाहेरचा कोपरा. दोन पट्ट्या काटकोनात, कडेला कड भिडवून. दोन्ही कडा वितळून एकमेकींत मिसळतात, फिलर लागत नाही आणि जमल्याचा आनंदही लवकर मिळतो. त्यानंतर एकावर एक ठेवलेला सांधा. तिथे आर्क खालच्या पत्र्याकडे जास्त धरायची, कारण वरची कड आधी वितळून पळते. समोरासमोरचा सपाट सांधा सगळ्यात शेवटी.

सपाट सांध्याला खाली तांब्याची पट्टी हवीच. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे किंवा जुन्या पॅनलच्या बसबारमधून मिळते. नाही मिळाली तर ॲल्युमिनियमचा जाड फ्लॅट. पत्रा पट्टीला घट्ट चिकटला पाहिजे, मध्ये हवा राहिली तर पट्टी असून नसल्यासारखी. वरूनही दोन बाजूंना फ्लॅट ठेवून सांध्यापासून पाच-सहा मिलिमीटरवर क्लॅम्प मारा.

टाके म्हणजे टॅक. ०.८ च्या पत्र्याला मी १५ ते २० मिमीवर मारतो. पोरं म्हणतात एवढे कशाला? एवढेच. टाका मारताना उलटं करायचं: अँपियर वाढवायचे, ५०-६० पर्यंत, आणि बटण फक्त टिचकीएवढं दाबायचं. उष्णता पसरायच्या आत टाका बसतो. आधी दोन्ही टोकं, मग मध्य, मग प्रत्येक भागाचा मध्य. एका टोकाकडून मारत गेलात तर दुसऱ्या टोकाला फट उघडते नाहीतर कड कडेवर चढते. प्रत्येक टाक्यानंतर बोट फिरवून बघा. कड वर आली असेल तर तिथंच लाकडी हातोडीने बसवा.

वेल्ड सलग ओढू नका. इंचभर करा, थांबा, दुसऱ्या बाजूला इंचभर करा. मधल्या वेळात हात लावता येईल इतका पत्रा निवला पाहिजे. फिलर पत्र्याहून जाड नको. ०.८ ला ०.८ ची काडी, ३०४ ला ३०८एल. बारीक काडी दुकानात नाही मिळाली तर मिग मशीनची तीच वायर कापून, ड्रिलमध्ये धरून सरळ करून घ्या. तांब्याचा मुलामा असलेली एमएसची, म्हणजे साध्या लोखंडाची वायर स्टेनलेसला चालणार नाही, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो. काडी आर्कमध्ये नाही, पाण्याच्या पुढच्या कडेला टेकवायची. थंड काडी पाण्यातली उष्णता खाते, त्यामुळे पाणी बसायला लागलंय असं दिसलं की काडीचा एक थेंब पत्रा वाचवतो.

मशीनला पल्स, म्हणजे अँपियर आपोआप वर-खाली करायची सोय असेल तर वापरा, पण आधी वरचं सगळं जमू द्या. सेकंदाला एक किंवा दोन ठोके, वरचा अँपियर ५० च्या आसपास, खालचा त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. वरच्या ठोक्याला काडी, खालच्याला पुढे सरकणं. पायाचं पॅडल आपल्याकडे फारसं कुणाकडे नसतं, पण मशीनला डाउन-स्लोप, म्हणजे शेवटी अँपियर हळूहळू उतरवायची सोय असेल तर दोन-तीन सेकंद लावा. एकदम बंद केलं की शेवटी खड्डा पडतो आणि त्यातच बारीक तडा जातो.

रंग बघत जा. वेल्डवर सोनेरी छटा म्हणजे उत्तम, निळी म्हणजे उष्णता जास्त झाली, राखाडी खरबरीत म्हणजे गॅस गेला किंवा फार वेळ थांबलात. पाठीमागे काळे दाणेदार फोड आले तर तिथे हवा लागली. खाण्यापिण्याच्या टाकीला ते चालत नाही, दाण्यांत माल अडकून कुजतो. अशा कामाला मागून आर्गॉन सोडावा लागतो. ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने मागे पोकळी बंद करायची, एका बाजूने गॅस, दुसऱ्या बाजूला हवा निघायला बारीक भोक.

डोळ्यांचं थोडक्यात. एवढ्या कमी अँपियरला हेल्मेटमध्ये ९ नंबरची गडद काच पुरते. स्वस्त ऑटो, म्हणजे आपोआप काळं होणारं हेल्मेट २० अँपियरच्या आर्कला कधीकधी काळं होतच नाही, सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवून आधी तपासा. आर्कच्या उजेडाने डोळे चुरचुरलेच तर बटाट्याची फोड न ठेवता डॉक्टरकडे जा. आणि हात उघडे ठेवून काम करणाऱ्या जुन्या कारागिरांची नक्कल नको, आर्गॉनच्या आर्कने कातडी उन्हापेक्षा लवकर जळते.

तयार झालेला सांधा तपासायचा तर एका बाजूला खडूची भुकटी पाण्यात कालवून लावा, वाळू द्या, दुसऱ्या बाजूने रॉकेल फिरवा. रॉकेल नसेल तर डिझेल. अर्ध्या तासात पांढऱ्यावर ओला डाग उमटला तर तिथे गळती. त्यावर लगेच आर्क मारू नका. दोन्ही बाजू ॲसिटोनने पुसा, वाळवा, तेवढाच भाग घासून मोकळा करा आणि तांब्याची पट्टी परत खाली घालून एकच टाका मारा.