विंडोजशेजारी लिनक्स टाकताय? आधी एवढं उरकून घ्या

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची चिप) नाही किंवा प्रोसेसर जुना म्हणून ज्यांच्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही ते सगळे आता लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकू का विचारतायत. टाका की. इन्स्टॉल पटकन होतं, वेळ जातो तो आधी न केलेल्या गोष्टी नंतर निस्तरण्यात.

तर पहिलं बॅकअप. सी ड्राइव्हमधलं डी ड्राइव्हला टाकलं म्हणजे बॅकअप झाला नाही, डिस्क तीच आहे ना! एक्स्टर्नल हार्डडिस्कवर घ्या आणि त्यातल्या चारदोन फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. डेस्कटॉपवर पडलेलं सामान आणि ब्राउझरमधले पासवर्ड हमखास राहतात.

मग बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, इथे घाई नको. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. तुम्ही बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय, बंद केलंत की पुढच्या वेळी निळा स्क्रीन येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, आणि ती नसेल तर डेटा गेला समजा. ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते का ते आत्ताच बघा आणि कागदावर लिहून ठेवा, त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून काय उपयोग. शक्य असेल तर एन्क्रिप्शन तेवढ्यापुरतं बंदच करा.

विंडोज लवकर सुरू करणारं फास्ट स्टार्टअपही बंद करा, ते चालू असताना विंडोज शटडाउन केलं तरी पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं, आणि मग लिनक्समधून विंडोजचे ड्राइव्ह उघडले तर नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही.

लिनक्ससाठी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करून रिकामी सोडा, ५०-६० जीबी सुरुवातीला पुरे. दुसरी एसएसडी लावता येत असेल तर माझं मत विचाराल तर तेच करा, एकाच डिस्कवर दोघांना नांदवण्याची कटकट वाचते.

इन्स्टॉलरसाठी पेनड्राइव्ह ८ जीबीचा चालतो, पण तो तयार करणारं रूफस किंवा एचर त्यातलं सगळं पुसतं हे लक्षात असू द्या. आयएसओ फाइल (लिनक्सचा अख्खा इन्स्टॉलर एका फायलीत) मूळ साइटवरूनच घ्या आणि चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा कोड, साइटवरच्या कोडशी जुळवा, विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही कमांड आधीपासून असते. आणखी एका पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर पण करून ठेवा, काही बिघडलं तर तोच कामाला येतो.

आता इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह चालवा आणि निवांत खेळा. वायफाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा, ब्राइटनेस, आणि झाकण बंद करून परत उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे शेवटचं कोणी बघत नाही. ब्रॉडकॉमचं वायफाय बऱ्याचदा रुसतं, तेव्हा फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, ड्रायव्हर उतरवण्यापुरतं नेट मिळतं. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायचे इंटेलचे मोड) चालू असणार. ते लगेच बदलू नका, आधी विंडोज सेफ मोडला बूट होईल असं सेट करा आणि मग बायोसमध्ये एएचसीआय (डिस्कचा साधा मोड) करा, नाहीतर विंडोज उठणारच नाही.

सॉफ्टवेअरची यादी करा. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या फायलींना लिनक्सवरचं फुकटचं लिब्रेऑफिस बऱ्यापैकी पुरतं, पण फोटोशॉपवर पोट असेल किंवा व्हॅलोरंट खेळत असाल तर विंडोज ठेवावंच लागेल, उगाच वाद नको. हायकू, फ्रीबीएसडी, रिअ‍ॅक्टओएस वगैरे इतर ऑपरेटिंग सिस्टिमची हौस असेल तर ती आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आतच दुसरी सिस्टिम चालवणारं सॉफ्टवेअर) भागवा.

प्रत्यक्ष इन्स्टॉलच्या वेळी लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा. 'इरेज डिस्क' ला हात लावू नका, आणि हाताने पार्टिशन करत असाल तर ईएफआय पार्टिशन निवडा पण फॉरमॅट करू नका, विंडोज सुरू करणारा बूटलोडर तिथेच असतो. नंतर विंडोजचं घड्याळ काही तास मागेपुढे दिसलं तर घाबरायचं काही नाही, लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लावतं आणि विंडोज त्यालाच लोकल वेळ समजतं, लिनक्सला लोकल टाइम वापरायला सांगितलं की झालं.