मागच्या सीटवरचं पोर का रडतं? या चुका टाळा

पोर सायकलवर रडायला लागलं की घरात लगेच निकाल लागतो, "याला सायकल आवडतच नाही." दीड-दोन वर्षांच्या मुलाला सायकल सहसा आवडते, नकोशी होते ती बसायची जागा. आपल्याला खड्डा आधी दिसतो आणि आपण पेडलवर उभे राहतो. मागे बसलेल्याला समोर दिसते फक्त आपली पाठ, आणि दणका बसल्यावरच त्याला खड्डा कळतो.

म्हणून आधी दणक्यांचं बघा. स्पीडब्रेकरवर पेडलवर उभं राहून कंबर वाचते ती आपली. मूल मागच्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावरच बसलेलं असतं, त्यामुळे चाक उडालं की तेही उडतं. उपाय एकच, वेग पार चालण्याइतका खाली आणा. पेव्हर ब्लॉकच्या गल्लीपेक्षा चार मिनिटं जास्त लागली तरी डांबरी रस्ता धरा.

मुलाची सीट फ्रेमच्या नळीला दोन वाकड्या पोलादी दांड्यांवर बसणारी असेल, तर त्या दांड्या स्प्रिंगचं काम करतात आणि सीट थोडी डुलते. ती डुलायलाच हवी. "हलतंय" म्हणून काही जण सीट खालच्या कॅरिअरला दोरीने करकचून बांधतात आणि सगळा दणका थेट पोराच्या पाठीत पाठवतात. फ्रेमवरचा क्लॅम्प, म्हणजे नळीला आवळलेली पकड, मात्र तसूभरही हलता कामा नये. तो बसवताना गिअरची किंवा ब्रेकची केबल खाली चेपली जात नाही ना, तेही बघा. आणि डबल शॉकर सायकल घेतली की बाळ आरामात बसेल, हा हिशेब इथे चुकतो. नळीवर बसणाऱ्या बहुतेक सीटच्या माहितीपत्रकात मागे शॉकर असलेल्या फ्रेमला चक्क मनाई असते.

हवेचंही तेच. पंक्चरवाला टायर दगडासारखा टणक करून देतो. टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्यापेक्षा थोडी कमी हवा ठेवली तर फरक लगेच जाणवतो. पण मागे वजन आहे हे विसरून इतकीही कमी करू नका, की खड्ड्यात रिमच आपटेल.

आता हेल्मेट. मूल सारखं मान खाली घालून बसतंय, हेल्मेट ओढतंय, चिडतंय, असं असेल तर हेल्मेटची मागची बाजू हाताने चाचपून बघा. मोठ्यांच्या हेल्मेटसारखा फुगवटा मागे असेल तर तो सीटच्या पाठीला टेकतो आणि डोकं पुढे ढकलतो. मग हनुवटी छातीवर येते आणि हेल्मेट डोळ्यांवर घसरतं. लहानांसाठी मागून सपाट हेल्मेट मिळतात, किंवा सीटच्या पाठीलाच डोक्यामागे खोलगट जागा असते. दोन्हींपैकी एक तरी हवंच. दुकानात हेल्मेट नुसतं डोक्यावर ठेवून बघण्यात अर्थ नाही. मुलाला सीटवर बसवून, पट्टे लावून बघा. भुवईच्या वर दोन बोटं जागा राहिली की झालं.

झोप ही वेगळी अडचण. वीस-पंचवीस मिनिटांत बरीच पोरं पेंगतात आणि मान एका बाजूला लटकते. सीट मागे कलती होत असेल तर कलवा, नाहीतर सरळ थांबा आणि कडेवर घ्या. दुपारच्या झोपेची वेळ गाठून निघणं हे स्वतःहून ओढवलेलं दुखणं. वर्षाच्या आतल्या बाळाला सायकलवर नेऊच नये, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स सांगते, कारण त्या वयात मान हेल्मेटचं ओझं पेलत नाही. आणि वरची मर्यादा वजनाची. युरोपीय मानकानुसार मागच्या सीटला 22 किलो, पुढच्या सीटला 15 किलो.

थंडी-उन्हाचा अंदाजही आपण स्वतःवरून बांधतो आणि फसतो. पुण्यात डिसेंबरात पहाटे पारा दहा-बारा अंशांवर असतो. पेडल मारून आपल्याला घाम येतो, पण मूल नुसतं बसून वारा खातं. त्याचे हात गार लागले की थांबा. जाड जाकिटावरून आवळलेला पट्टा खरं तर सैलच असतो, तेव्हा जाकीट पातळ घाला आणि वरून शाल गुंडाळा, टोकं चाकात जाणार नाहीत अशी खोचून. उन्हाळ्यात उन्हात उभ्या केलेल्या सायकलच्या सीटचं बक्कल आधी आपल्या मनगटाला लावून बघा.

पाय लोंबकळत असतील तर ते बधिर होतात आणि मूल लाथा झाडू लागतं. पायटेका वर घ्या आणि पायाचा पट्टा लावाच. स्पोकमध्ये टाच अडकण्याच्या जखमा वाईट असतात, म्हणून चाकाच्या बाजूला गार्ड नसलेली सीट कितीही स्वस्त मिळाली तरी नको. आपल्या गादीखाली उघड्या स्प्रिंगा असतील तर त्या झाकून टाका, नाहीतर चिमुकली बोटं तिथेच जातात. पाठीवरची सॅक पुढे कॅरिअरमध्ये किंवा घरी, कारण ती त्याच्या नाकावर आपटते.

स्टँडवर लावलेल्या सायकलवर मुलाला एकटं सोडून कुलूप शोधायला वळू नका. आधी मूल उतरवा, मग बाकीचं.

आणि पहिल्या फेरीला मूल नकोच. दहा किलो तांदळाची पिशवी पट्ट्यांनी नीट बांधा आणि सोसायटीत फिरून या. वळताना, ब्रेक लावताना आणि विशेषतः उतरताना सायकल कशी कलंडते ते कळेल. उतरताना पाय मागून फिरवायची सवय असेल, तर तो सीटला अडकतो. पाय पुढून, दांडीवरून काढायला शिका. त्यासाठी खाली दांडी असलेली सायकल सोयीची.