प्रवेश मिळतो, सनद अडते : पदवीनंतर एलएल.बी.ला जाताना या चुका टाळा

बी.एस्सी., बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंग करून मग कायद्याकडे वळायचे, ही आपल्याकडची जुनी वाट आहे. लोकमान्य टिळकांनी गणित घेऊन बी.ए. केले आणि १८७९ मध्ये ते एलएल.बी. झाले. मीही रसायनशास्त्राची पदवी घेऊन वकिलीत आलो. आता जिल्हा न्यायालयात काम करतो आणि दर पावसाळ्यात तीन वर्षांच्या एलएल.बी.चे अर्ज घेऊन मुले-मुली माझ्या ऑफिसात येतात, कधी चाळिशीतली नोकरदार माणसेही येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न सीईटीच्या गुणांचा असतो. मी मात्र आधी त्यांची दहावीपासूनची गुणपत्रके मागतो, कारण सीईटी पुन्हा देता येते. कागदांत मुळातच खोट असेल तर ती तीन वर्षांनी, सनदेच्या म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या वेळी बाहेर येते.

पात्रता न बघता अभ्यासाला लागणे

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे खुल्या प्रवर्गाला पदवीत ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. ४४.८ चे ४५ कुणी करून देत नाही. ग्रेड पॉइंट असतील तर टक्केवारी स्वतः काढू नका. विद्यापीठाकडून रूपांतराचे पत्र घ्या, आणि ते मिळायला वेळ लागतो म्हणून अर्ज निघण्याआधीच मागा.

सर्वांत जास्त घात होतो तो बारावीच्या बाबतीत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का, असे मला सतत विचारतात. बारावी उत्तीर्ण होऊन मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर चालते. पण बारावी न करता, पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवीला बसलेल्यांना बार कौन्सिलचे नियम अपात्र ठरवतात. माझ्याकडे आलेल्या एका ताईंची हीच गत झाली. लग्नामुळे शिक्षण सुटलेले, मुले मोठी झाल्यावर पूर्वतयारीतून बी.ए. केले, मग जिद्दीने एलएल.बी.सुद्धा पूर्ण केले. सनदेच्या अर्जासोबत बारावीचे गुणपत्रक मागितले तेव्हा त्यांच्याकडे द्यायला काही नव्हते. प्रवेशाच्या वेळी कुणी एका वाक्यात सांगितले असते तर त्यांनी आधी बारावी केली असती, मग पदवी. त्यांचा चेहरा आठवला की मला आजही वाईट वाटते, आणि म्हणूनच मी गुणपत्रके आधी बघतो.

वयाची भीती मात्र सोडा. तीस वर्षांच्या मर्यादेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०१७ मध्ये त्या अटीला स्थगिती मिळाली आणि महाराष्ट्रात पन्नाशीतले लोकही आज वर्गात बसतात.

चुकीच्या परीक्षेची तयारी

पदवीधर मुले क्लॅटच्या क्लासला पैसे भरून बसलेली दिसतात. क्लॅट पाच वर्षांच्या पदवीसाठी आणि एलएल.एम.साठी आहे, तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी राज्य सीईटी कक्षाची तीन वर्षांची विधी सीईटी द्यावी लागते. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलने २०२२ पासून तीन वर्षांची पदवी सुरू केली आहे, पण त्यांची परीक्षा वेगळी असते. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

याहून मोठी चूक सीईटी झाल्यावर होते. निकाल चांगला लागतो, विद्यार्थी कॉलेजच्या फोनची वाट बघत बसतो, आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची म्हणजे कॅपची नोंदणी संपून जाते. सीईटीचा अर्ज आणि कॅपचा अर्ज हे दोन वेगळे अर्ज आहेत. कॅपची नोंदणी केली नाही तर सीईटीचे गुण नुसते कागदावर राहतात.

कागदपत्रांची घाई

कॅपच्या अर्जासोबत जोडलेले कागद तपासले जातात आणि त्रुटी निघाली तर अर्ज परत येतो. तो आपल्याच लॉगिनमध्ये येतो, म्हणून रोज लॉगिन करून बघा. मोबाइलवर संदेश येईलच या भरवशावर राहू नका. जातवैधता, त्या वर्षासाठी लागू असलेले नॉन-क्रिमी लेअर आणि अधिवास हे दाखले एका दिवसात निघत नाहीत. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र लागते, आणि पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र.

लग्न झालेल्या मुलींना एक खास सांगणे. दहावीला एक नाव, पदवीला दुसरे, आधारवर तिसरे असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र आताच करून ठेवा. प्रवेशाला कसेबसे निभावले तरी सनदेच्या वेळी हाच घोळ पुन्हा समोर येतो.

पसंतीक्रम आशेने नव्हे, भीतीने भरणे

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. गेल्या वर्षीचे कटऑफ बघून मुले म्हणतात, "सर, जीएलसी (मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय) लागणार नाही, मग टाकू कशाला?" टाका. संगणक तुमची यादी वरून खाली बघत येतो. वरचे कॉलेज नाही लागले म्हणून खालच्या कॉलेजातली तुमची जागा कमी होत नाही. कटऑफ दर वर्षी हलतो आणि शेवटच्या फेऱ्यांत तर बराच खाली येतो.

उलटी चूक अधिक महाग पडते. "हे नक्की लागेल" म्हणून मनात नसलेले कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकायचे आणि ते लागले की पुढच्या फेरीत बदलून मागायचे, असा अनेकांचा बेत असतो. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की वरचे मागण्याचा रस्ता बंद होतो. तेव्हा खरोखर जिथे जायचे आहे तेच पहिले लिहा, आणि जिथे पाऊलही ठेवायचे नाही ते यादीत घालूच नका.

धीर सुटून संस्थेच्या कोट्यातून जागा घेणारेही असतात. घेण्याआधी हिशेब मांडा. शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफीच्या बहुतेक योजना कॅपमधून आलेल्यांसाठी असतात. वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींसाठी जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले, तेही कॅपच्या प्रवेशालाच. घाईने कोट्यातली जागा घेतली की या सवलतीवर पाणी सोडावे लागते. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघता येते. काउंटरवर त्याहून जास्त मागितली तर कशाची, ते लेखी विचारा.

कॉलेज नावावरून किंवा अंतरावरून निवडणे

मी स्वतः घराजवळचे आणि "हजेरीचा त्रास नाही" असे ऐकलेले कॉलेज घेतले. तीन वर्षांत तासांची सवय लागली नाही, ग्रंथालयाला बहुतेक वेळ कुलूप असे. सनद मिळाल्यावर सिनिअरांनी मुदतवाढीचा साधा अर्ज लिहायला सांगितला आणि मला तो जमला नाही. ती उणीव भरून काढायला दोन वर्षे गेली. म्हणून सांगतो, जिथे हजेरी घेत नाहीत ते कॉलेज सोयीचे नसते.

नियमही आता तसे नाहीत. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य ६५ पर्यंत सूट देऊ शकतात, तीही सर्व विषय मिळून ७० भरत असतील तरच. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरी आणि सीसीटीव्ही सांगितले, आणि नोकरी, दुसरा अभ्यासक्रम, गुन्ह्यांची नोंद हे सारे विद्यार्थ्याने जाहीर करायला हवे, असेही बजावले. नोकरी करत असाल तर कार्यालयाचे ना-हरकत पत्र घेऊनच या. सोबत नियमित एम.कॉम. चालणार नाही, दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम चालतो. पत्रद्वारे किंवा ऑनलाइन एलएल.बी. विकणारे भेटले तर तिथूनच परत फिरा, त्या पदवीवर सनद मिळत नाही.

मग कॉलेज निवडावे कसे? उलट्या बाजूने सुरुवात करा. तीन वर्षांनी कुठे उभे राहायचे आहे? मुंबईतल्या उच्च न्यायालयात किंवा कंपन्यांच्या कामात जायचे असेल तर मुंबईत राहिलेले बरे. चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचे, तिथे डॉ. आंबेडकर प्राचार्य होते. पण त्याच्या नावाइतकेच तिथून उच्च न्यायालय आणि मोठ्या फर्म जवळ असणे कामाला येते. पुण्याचे आयएलएस १९२४ चे, तिथल्या ग्रंथालयासाठी आणि मूट कोर्टाच्या, म्हणजे सरावासाठीच्या अभिरूप खटल्यांच्या परंपरेसाठी ते यादीत वर ठेवावे. गोव्याच्या मुलांनी पणजीच्या साळगावकर आणि मडगावच्या कारे महाविद्यालयाचा विचार जरूर करावा, सनद तर शेवटी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचीच असते.

आणि आपल्याच जिल्ह्यात वकिली करायची असेल तर? मग माझे स्पष्ट मत असे की जिल्ह्याच्या गावातले बरे, अनुदानित कॉलेज मोठ्या शहरातल्या महागड्या विनाअनुदानित कॉलेजपेक्षा चांगले. कोल्हापूरचे शहाजी विधी महाविद्यालय किंवा लातूरचे दयानंद घ्या. अशा ठिकाणी शिकवायला येणारे वकील उद्या तुमचे सिनिअर होऊ शकतात, दुपारी कोर्टात जाऊन साक्षी-उलटतपास ऐकता येतात, आणि दिवाणी दाव्याचे मराठी कानावर पडते. खालच्या न्यायालयांचे कामकाज मराठीत चालते. ती भाषा पुस्तकातून येत नाही.

पसंतीक्रम भरण्याआधी एका कामाच्या दिवशी सकाळी अकराला कॉलेजात जाऊन या. वर्ग भरलेत का बघा. ग्रंथालयात शिरा आणि भारतीय न्याय संहिता मागा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी ती आली आहे. कपाटात अजून जुनी दंड संहिता आणि जुना पुरावा कायदाच असेल तर तिथे काय शिकवतात ते कळलेच. तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना विचारा, बारा आठवड्यांची इंटर्नशिप खरोखर झाली की नुसते पत्र आणले? कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता आणि तिची मुदत विचारायला संकोच करू नका.

पुढचा हिशेब न धरणे

पदवीनंतर लगेच न्यायाधीश होण्याच्या आशेने येणाऱ्यांनी एक गोष्ट मनात धरावी. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षे तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून निकाल लागताच सनदेचा अर्ज करा. नोंदणीचे शुल्क कायद्याने खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे. त्याहून जास्त घेता येत नाही, असे जुलै २०२४ मध्ये न्यायालयानेच सांगितले आहे. नंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते.

आणि दहावीपासूनची सगळी मूळ गुणपत्रके, दाखले आणि शाळा सोडल्याचा दाखला एका फाइलमध्ये आजच लावा, दोन झेरॉक्ससह. माझ्याकडे येणार असाल तर तीच फाइल घेऊन या.