रॅकेटचे वजन आणि बॅलन्स : ताकद वाढवण्याच्या नादात या चुका टाळा

नियमित बॅडमिंटन खेळणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. स्मॅश जोरात बसावा म्हणून मुद्दाम जड, हेड हेवी (म्हणजे डोक्याच्या, जाळीच्या बाजूला जास्त वजन असलेली) रॅकेट घेतली, पहिल्या दोन-तीन दिवसांत फटक्याचा आवाजही बदलल्यासारखा वाटला. परंतु महिनाभरात सारे पूर्ववत झाले, किंबहुना बचाव करताना रॅकेट उशिरा वर येऊ लागली आणि तिसऱ्या गेममध्ये क्लिअर (शटल उंच, मागे धाडणारे फटके) मागच्या रेषेपर्यंत पोहोचेनासे झाले. अशा वेळी दोष रॅकेटला दिला जातो आणि आणखी जड किंवा एकदम हलकी रॅकेट शोधली जाते. चूक मात्र बहुतेक वेळा रॅकेट निवडण्याच्याही आधी, ताकद नेमकी कुठून येते याविषयीच्या समजुतीत झालेली असते.

वजनालाच ताकद समजणे

नियमानुसार शटलचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असते, तर आजच्या बहुतेक रॅकेटी ८० ते ९० ग्रॅमच्या आसपास असतात. पण फटक्याच्या क्षणी हे सगळे वजन शटलवर आदळत नाही. रॅकेट मुठीकडच्या बाजूभोवती फिरत असते आणि गटिंगच्या (रॅकेटच्या जाळीच्या) मध्यभागी तिचा जो प्रभाव जाणवतो, तो साधारणपणे ४० ते ४५ ग्रॅम वस्तुमानाइतका असतो. म्हणजे ज्या ठिकाणी शटल लागते तेथे रॅकेट मुळातच शटलच्या आठ-नऊ पट जड आहे. हे प्रभावी वस्तुमान ५ टक्क्यांनी वाढवले आणि रॅकेट पूर्वीच्याच वेगाने फिरवली, तरी शटलच्या वेगात जेमतेम अर्ध्या टक्क्याची भर पडते. उलट रॅकेटच्या डोक्याचा वेग १ टक्क्याने घटला, तर शटलचा वेगही जवळपास १ टक्क्यानेच घटतो. जड डोक्यामुळे तुमच्या हाताचा वेग एवढ्याशानेही मंदावत असेल, तर वजनाने दिलेले सारे परत जाते आणि वर थोडे पदरचे जाते.

याचा अर्थ जड डोके निरुपयोगी आहे असा नव्हे. ज्या खेळाडूचा खांदा आणि कोपरापुढचा हात पुरेसा बळकट आहे, ज्याचा स्विंग लांब व पूर्ण आहे आणि ज्याला शटलखाली वेळेवर पोहोचता येते, त्याला त्या डोक्याला वेग देण्यासाठी पुरेशी जागा मिळते. शिवाय शटल मध्यभागी न लागल्यास जड डोके कमी डगमगते. मात्र ड्राइव्ह (सपाट, वेगवान फटका), ब्लॉक (स्मॅश नुसता अडवून परतवणे) आणि नेटजवळची झडप यांत स्विंगला जागाच नसते, आणि तेथे तेच डोके अडचण होऊन बसते. ताकदीचा आणि हेड हेवी रॅकेटचा संबंध किती सैल आहे, याचे एक चांगले उदाहरण आहे : २०१३ मध्ये मलेशियाच्या टॅन बून हियाँगने चाचणीत ताशी ४९३ किलोमीटर वेगाचा स्मॅश नोंदवला, तो योनेक्सच्या नॅनोरे मालिकेतील रॅकेटने, आणि ही मालिका डोक्याने हलकी म्हणून ओळखली जाते.

छापील आकड्यांवर विसंबून राहणे

योनेक्सच्या पद्धतीत ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम आणि ५यू म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅम. आकडा वाढतो तसे वजन कमी होते. प्रत्येक गट पाच ग्रॅमचा असल्यामुळे ४यू गटातील ८४ ग्रॅमची आणि ३यू गटातील ८५ ग्रॅमची रॅकेट यांत हाताला कळेल असा फरक नसतो, तर एकाच गटातील दोन रॅकेटींत चार ग्रॅमचाही फरक असू शकतो. "मला ३यू जमत नाही" असे ठामपणे सांगणाऱ्यांनी आपली रॅकेट एकदा साध्या वजनकाट्यावर ठेवून पाहावी. सगळे उत्पादक हीच चिन्हे वापरत नाहीत, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना ग्रॅममध्येच करणे बरे.

याहून मोठी गफलत बॅलन्सच्या आकड्यात होते. मुठीच्या खालच्या टोकापासून रॅकेट ज्या बिंदूवर तोलून राहते तिथपर्यंतचे अंतर म्हणजे बॅलन्स पॉइंट. ढोबळ मानाने हे अंतर २८५ मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास हेड लाइट, २८५ ते २९५ असल्यास इव्हन आणि त्याहून अधिक असल्यास हेड हेवी असे म्हणतात; परंतु हा आकडा बहुधा गटिंग न केलेल्या रॅकेटचा असतो. समजा, रॅकेट ८५ ग्रॅमची आहे आणि तिचा बॅलन्स पॉइंट २९५ मिलिमीटरवर आहे. गटिंगचे सुमारे ५ ग्रॅम डोक्यात जमा होताच तो बिंदू जवळपास १३ मिलिमीटर पुढे सरकतो. त्यानंतर मुठीवर ५ ग्रॅमची ओव्हरग्रिप (मूळ ग्रिपवर लावायची पातळ पट्टी) गुंडाळली की तो सुमारे ११ मिलिमीटर मागे येतो. म्हणून दुकानातील माहितीपत्रकाशी आपल्या हातातील रॅकेटची तुलना करण्यात अर्थ नाही. तुलना करायचीच तर गटिंग आणि ग्रिपसह असलेल्या दोन रॅकेटी एका पेन्सिलीवर आडव्या तोलून, पट्टीने मोजून करावी.

ग्रिप जड केली की डोके हलके होते, असे मानणे

या चुकीवर थोडे थांबायला हवे, कारण ती अनुभवी खेळाडूही करतात. मी स्वतः दोन वर्षे केली. हेड हेवी रॅकेट जड वाटते म्हणून मुठीवर जाड टॉवेल ग्रिप किंवा दुहेरी ओव्हरग्रिप गुंडाळली जाते, बॅलन्स पॉइंट मागे सरकतो आणि रॅकेट चपळ झाली असे समाधान मिळते. पण रॅकेट फिरवायला किती जोर लागतो, हे बॅलन्स पॉइंटवर नव्हे तर स्विंग वेटवर (फिरवताना जाणवणाऱ्या जडपणावर) ठरते. स्विंग वेटमध्ये प्रत्येक ग्रॅमचा हिशेब तो फिरण्याच्या अक्षापासून किती दूर आहे याच्या वर्गाने होतो. रॅकेटच्या मुठीपाशी हे अंतर नगण्य असल्यामुळे तेथे ५ ग्रॅम वाढवले तरी स्विंग वेट जवळजवळ बदलत नाही. फ्रेमच्या टोकाला मात्र एकच ग्रॅमची शिशाची पट्टी लावली, तरी ते ३ ते ४ टक्क्यांनी वाढते. ग्रिप जाड केल्याने कागदावरचा बॅलन्स बदलतो, डोके ओढण्याचे कष्ट तेवढेच राहतात, आणि मूठ जाड झाल्यामुळे बोटांची पकड आवळण्याची क्रिया, जिच्यातून फटक्याच्या शेवटच्या क्षणाचा वेग मिळतो, ती मात्र आखडते.

याच कारणाने वजन आणि बॅलन्स हे दोन आकडे सुटे सुटे वाचू नयेत. ८२ ग्रॅम वजनाची ३०५ मिलिमीटर बॅलन्सची रॅकेट आणि ८७ ग्रॅम वजनाची २९० मिलिमीटर बॅलन्सची रॅकेट फिरवताना जवळपास सारख्याच वाटू शकतात, जरी पहिलीवर हेड हेवी आणि दुसरीवर इव्हन असे लिहिलेले असले तरी.

दहा मिनिटांत निर्णय घेणे

दुकानात हवेत चार स्विंग मारून किंवा मित्राची रॅकेट घेऊन पाच स्मॅश मारून घेतलेला निर्णय फसवा असतो, कारण ताज्या हाताला जड डोके नेहमीच सुखावते. खरी परीक्षा दमलेल्या हाताची असते. उसनी रॅकेट मिळाल्यास ती सत्राच्या शेवटी वापरावी आणि तीन गोष्टी पाहाव्यात : पूर्ण लांबीचे सलग वीस क्लिअर करताना शेवटचे पाच कुठे पडतात, अंगावर आलेल्या स्मॅशला रॅकेट वेळेवर समोर येते का, आणि बॅकहँड क्लिअर निदान मैदानाच्या तीन चतुर्थांशापर्यंत जातो का. यांतील दोन गोष्टी बिघडत असतील तर पहिल्या स्मॅशचा आवाज कितीही कडक असला तरी ती रॅकेट तुमच्यासाठी जड आहे. दुहेरीत तुम्ही बहुतांश वेळ नेटजवळ उभे राहत असाल तर दुसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची.

लक्षणांवरून चुकीचे निदान करणे

रॅकेट बदलल्यावर शटल कुठे जाते हे नीट पाहिले तर बरेच काही उलगडते. डोके पेलत नसेल तर हात उशिरा येतो, शटल खेळाडूच्या डोक्यामागे सरकलेले असताना लागते, रॅकेटचा चेहरा वर उघडा राहतो आणि स्मॅश सपाट होऊन लांब जातो. याउलट जड रॅकेटची सवय असलेल्याने एकदम हलकी घेतली तर स्विंग आधीच पूर्ण होतो आणि शटल नेटमध्ये बसते. हा दुसरा दोष बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांच्या सरावाने जातो. पहिला जात नाही, कारण तो वेळेचा नसून पेलण्याचा आहे.

दर वेळी दोषी वजनच असते असेही नाही. गटिंगचे टेन्शन (ताण) वाढवले की ताकद वाढते, ही समजूत अजून टिकून आहे. प्रत्यक्षात अधिक ताणलेले गटिंग नियंत्रण देते, पण त्याचा प्रभावी मध्यभाग लहान होतो आणि शटल परतवण्याचे काम हातावर पडते. ज्यांचा स्विंग अजून वेगवान झालेला नाही त्यांनी २० ते २४ पौंडांच्या पट्ट्यात राहणे इष्ट. तसेच महिनोन्महिने न बदललेले गटिंग सैल आणि निर्जीव होते, आणि खेळाडू मात्र रॅकेटमधला जीव गेला म्हणून नवी रॅकेट शोधू लागतो. ताठ शाफ्ट (मूठ आणि डोके जोडणारी दांडी) वाकवण्याइतका वेग हातात नसेल, तर हलक्या रॅकेटनेही फटका मेलेलाच वाटतो. शटलचा वेगही तपासावा : थंड हवेत तेच शटल लवकर पडते आणि उष्ण हवेत दूर जाते, त्यामुळे दोन वेगवेगळ्या दिवसांच्या स्मॅशची तुलना करून रॅकेटला गुण देऊ नयेत.

दुखण्याकडे सवय म्हणून पाहणे

नवी रॅकेट घेतल्यावर कोपराच्या बाहेरच्या बाजूला किंवा खांद्यात सुरू झालेली दुखण्याची कळ "हात बसेल" म्हणून रेटू नये. आधी जुन्या रॅकेटकडे परतावे, दुखणे थांबते का ते पाहावे. थांबले तर नवीवरील टेन्शन दोन पौंडांनी कमी करून आणि जाड ग्रिप काढून पुन्हा अर्धा तास खेळून पाहावे. तरीही कळ परतली तर ती रॅकेट बाजूला ठेवावी, आणि जुन्या रॅकेटनेही दुखणे थांबत नसेल तर खेळ थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.