गोवारी स्मारकावर पोरांना नेताना

23 नोव्हेंबरला पोरांना नागपुरात झिरो माईलजवळच्या गोवारी शहीद स्मारकावर न्यायचं असेल, तर तयारी दिवाळीपासून करा. थोरल्याच्या वेळी मी चुकले. सहा वर्षांच्या पोराला थेट तिथं उभं केलं आणि सांगितलं, 1994 साली मोर्चात आपल्या गोवारी समाजाची 114 माणसं इथं चेंगरून मेली. आठवडाभर तो विचारत होता, "आई, गोवारी म्हणजे मेलेले लोक का?"

म्हणून धाकटीला आधी पाडव्याला गावी नेलं, गायगोधनाला. ढाल जवळून दाखवा: बांबू, त्यावर कापड, टोकाला मोरपिसं. ती वाडवडिलांच्या नावाची, तिला पाया पडू द्या. डफवाल्याच्या इतकं जवळ उभं करा की आवाज छातीत घुमला पाहिजे. गाई शेणाच्या गोधनावरून गेल्या की त्या शेणाचा टिळा एकमेकांना लावा. पोरगी "ई" करेल, करू द्या. आपल्या आज्यानं गावाची गुरं राखली, हे तेव्हाच सांगा, गाई समोर असताना. घरी सोफ्यावर बसून सांगितलं तर ते लाजेचं वाटतं.

स्मारकावर सकाळी लवकर जा, पुढाऱ्यांचे हार यायच्या आधी. मेट्रो जवळ थांबते. पाणी घ्या. पायात बूटच घाला. माझी आत्या त्या मोर्चात होती, ती एकाच पायात चप्पल घेऊन घरी आली. नंतर कधीही गर्दीत जायचं म्हटलं की ती आधी सगळ्यांचे पाय बघायची.

काय सांगायचं? थोडंच. विधानसभेचं अधिवेशन चालू होतं. लोक अनुसूचित जमातीचा हक्क मागायला आले. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपाशी त्यांना अडवलं. कोणीतरी मंत्री येऊन ऐकून घेईल म्हणून ते थांबले. मग लाठ्या चालल्या, पळापळ झाली. मेलेल्यांत बायका नि लेकरं जास्त होती. इथं थांबा. फोटो दाखवू नका.

पुढचा प्रश्न ठरलेला आहे: "मग हक्क मिळाला?" उत्तर पाठ करून जा. विशेष मागास प्रवर्गात घातलं, पण मागणी ती नव्हती. अनुसूचित जमातींच्या यादीत नुसतं 'गोवारी' नाही, 'गोंड गोवारी' असं लिहिलंय आणि सगळा घोळ त्यातच आहे. 2018 मध्ये नागपूर खंडपीठानं आपल्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. धाकटीला मी असं समजावलं: बाईंनी हजेरीत तुझं नाव दुसऱ्या कुणाच्या नावाला चिकटवून लिहिलं, तू 'हजर' म्हटलंस, आणि बाई म्हणाल्या, ती तू नाहीस. तिला पटकन कळलं. कॉलेजात शिकलेल्या माझ्या दिराला वेळ लागला.

रडायला आलं तर पोरांसमोर रडा, लपवू नका. घरी आल्यावर डफ काढा. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याचा जुना आहे, चामडं सैल पडलंय, जरा शेकून घ्यावा लागतो. पोरांना बडवू द्या. शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.

एक राहिलं. परतताना सीताबर्डीचा उड्डाणपूल लागतो, त्याचं नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. थोरला आता दहावीत आहे, जातीच्या दाखल्याच्या भानगडीत. मागच्या वर्षी पुलाखालून जाताना म्हणाला, "पुलाला आदिवासी म्हणतात, मग मला का नाही?" याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. तुम्ही करून ठेवा.